फडकेसाहेबांनी पुसलेली भिंत

फडके हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच पडून राहिलं. हातात सदा फडकं, म्हणून प्रयोगशाळेतल्या कुठल्याशा वात्रट पोराने एकदा 'फडकेसाहेब' अशी हाक मारली आणि ती अशी चिकटली, की तिथल्या मोठ्या बाईसुद्धा 'ते फडकेसाहेबांना विचारा' म्हणायला लागल्या. एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्याने अगदी अदबीने विचारलं, "फडके म्हणजे कुठले फडके आपण?" साहेब मान वर न करता म्हणाले, "सुती." पाहुण्याला काही कळलं नाही. पोरं मात्र आठवडाभर हसत होती.

काम ऐकायला सोपं. एका बंद खोलीत गुडघाभर उंचीची, बिनझाकणाची मोठी पेटी. वर कॅमेरा. पेटीत पांढरा उंदीर सोडायचा, तो कुठं जातो, कुठं थांबतो ते बघायचं, मग त्याला उचलून दुसरा सोडायचा. आता गंमत अशी, की पहिला उंदीर रिकाम्या हाताने जात नाही. लेंड्या टाकतो, मुताचे थेंब टाकतो, पायांचा वास ठेवून जातो. दुसऱ्याला तो वास लागला, की तो स्वतःच्या डोक्याने चालतच नाही. पहिल्याच्या मागे मागे जातो, नाहीतर घाबरून कोपऱ्यात फतकल मारून बसतो. मग सगळ्या प्रयोगाचं मुसळ केरात! म्हणून दोन उंदरांच्या मधे फडकेसाहेब.

आधी लेंड्या उचलायच्या. मग कोरडं फडकं. मग पाणी घातलेलं स्पिरिट फवारून कोपऱ्याकडून मधे पुसत यायचं. मग वास उडेपर्यंत हात बांधून उभं राहायचं, आणि हेच कुणाला जमत नसे. साहेबांनी अंगाला वासाचा साबण लावला नाही की कपड्यांना अत्तर. लग्नाला गेले तरी कोरडेच. पेटी पुसून झाली की त्या पेटीत आधी कुणी जन्माला आलं होतं असं वाटू नये, ही त्यांची कामाची व्याख्या.

पण त्यांची जन्माची वैरीण होती ती एक रेघ. उंदीर कधी पेटीच्या मधून मिरवत जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. घासून घासून भिंतीवर बोटभर उंचीला तेलकट रेघ उमटते. समोरून दिसत नाही. मान वाकडी करून तिरक्या उजेडात बघावी लागते. लेंडी काय, कुणीही उचलेल. ही रेघ काढणारा तो खरा पुसणारा, असं साहेबांचं मत.

तिथं शिकायला आलेली एक पोर होती, बोलायला गोड आणि कायम घाईत. एकदा ती म्हणाली, "काका, या वेळी रेघ राहू द्या ना. उशीर होतोय. एवढीशी तर आहे."

"पोरी, माझ्या हातून डाग राहिला असं आजवर झालं नाही. तू जा, चहा पिऊन ये."

"अहो, पण कुणाला दिसणार आहे?"

"उंदराला," साहेब म्हणाले, आणि ती बिचारी चहा प्यायला गेली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. साहेबांची तर घरी आल्यावर दुप्पट व्हायची. जेवायला बसले की आधी ताट पुसणार, बायकोने पुसून ठेवलेलं. पाहुणा दारातून बाहेर पडला की त्याच्या चपलांचे ठसे जिना उतरायच्या आत गायब. बायको कपडे शिवायची, घरात दोऱ्यांचे तुकडे पडायचे, त्यावरून रोज जुंपायची. ती म्हणायची, "तुम्ही माणसाशी लग्नच करायला नको होतं. एखादं बरंसं फडकं बघून संसार थाटायचा." साहेब म्हणायचे, "थाटला असता, पण स्वयंपाक कोण करणार?" मग ती हातातली पट्टी उगारायची. चांगलं चाललं होतं हो त्यांचं.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी शब्द गेले. कात्रीला 'ते, कापायचं' म्हणायला लागली. मग गॅस चालू ठेवून झोपायला लागली. मग एकुलत्या एका लेकीला फोनवर 'कोण पाहिजे?' विचारलं. आणि एका संध्याकाळी साहेब कामावरून आले, तर त्यांना पाणी देऊन समोर बसली आणि मायेने म्हणाली, "भाऊ, तुम्हाला घरी जायला उशीर नाही ना होणार?" साहेब हसले. मग उठून बाथरूममध्ये गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. रडणार नाहीत तर काय करतील?

डॉक्टरांनी हात वर केले. आता हे असंच उताराला लागणार, म्हणाले, औषधाने फार तर थोडं हळू. साहेब सकाळी तिला खाऊ घालून जायचे, दुपारी शेजारच्या वहिनी डोकावून जेवण देऊन जायच्या, संध्याकाळी साहेब परत. मधल्या वेळात ती एकटी. गॅसची कळ बंद, सुया-कात्र्या कुलपात, दाराला बाहेरून कडी. कडी घातली की साहेब दाराला कान लावायचे, मगच जिना उतरायचे. पण नोकरी सोडावी तर राहायची जागा नोकरीबरोबर मिळालेली, तीही जाणार. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

लेक दुसऱ्या गावी, नोकरी, सासर, मुलं. तिने सरळ सांगून टाकलं होतं. "बाबा, आई स्वतःची स्वतः बाथरूमला जातेय तोवर तुमचं चालू दे. ज्या दिवशी ते थांबेल, त्या दिवशी मी तिला संस्थेत ठेवणार. दिवसभर ओल्यात बसलेली आई मला नाही बघवायची." आणि तिचं चूक काय होतं? साहेबांनीही मान्य केलं. मान्य करताना मनात म्हणाले, ती जाते की स्वतःची स्वतः. ते तर ती करते.

आणि ती जायचीच. तेवढं एकच काम तिचं शाबूत राहिलं होतं. नवऱ्याला ओळखायची नाही, पण पलंगावरून उठायची आणि न चुकता बाथरूमच्या दारात पोचायची. एक सवय होती तिला. उजव्या हाताने सारखी वेणी चाचपायची, आणि मग तोच हात भिंतीला लावून चालायची. वेणीला तेल. त्यामुळे पलंगापासून निघून, कपाटाला वळसा घालून, बोळातून थेट बाथरूमच्या चौकटीपर्यंत भिंतीवर एक काळपट, तेलकट, हातभर रुंद पट्टा तयार झाला होता. काही वर्षांचा जमलेला. वळणावर तर इतका काळा, की भिंतीला कुणी काजळ घातलंय असं वाटावं.

आता सांगा, फडकेसाहेबांच्या घरात असा पट्टा! त्यांचे हात शिवशिवायचे. एकदोनदा ते फडकं घेऊन गेलेही, तर ती आडवी आली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "राहू द्या ना. तुमचं काय खाते ती?" साहेबांना वाटलं, हट्ट. पूर्वीचीच ती, फडक्याची सवत. उलट बरं वाटलं त्यांना, की भांडायची तरी आठवण आहे. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

मग लेकीचा फोन आला, रविवारी येते, जावईही येणार आहेत. जावई म्हणजे टापटिपीचा माणूस, पाण्याचा पेला उजेडात धरून बघणारा. साहेबांनी काय विचार केला तो सांगतो, म्हणजे तुम्ही त्यांना मूर्ख म्हणणार नाही. त्यांना वाटलं, घर लख्ख दिसलं की लेकीची खात्री पटेल. म्हातारा सगळं नीट बघतोय, आईची आबाळ नाही, संस्थेचं नावच निघणार नाही. शनिवारी त्यांनी रजा काढली, बायकोला वहिनींकडे बसवलं आणि बाह्या सरसावल्या.

सोडा, साबण, गरम पाणी, आणि शेवटी पाणी घातलेलं स्पिरिट. पट्टा सहजी निघेना. साहेबांना चेव चढला. पलंगाकडून सुरुवात करून वळणापर्यंत, वळणापासून चौकटीपर्यंत, मान वाकडी करून तिरक्या उजेडात बघत, तेलाचा मागमूस जाईपर्यंत त्यांनी भिंत पुसली. मग नेहमीप्रमाणे वास उडेपर्यंत हात बांधून उभे राहिले. अशी पांढरी भिंत त्या घरात राहायला आल्यापासून कुणी पाहिली नव्हती. सगळी खोली एकसारखी पांढरी. इतके खूश होते, की वहिनींना बोलावून दाखवली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे कधी येताय?"

शनिवारी रात्री दोनदा आणि रविवारी सकाळीही साहेबांनीच बायकोला हात धरून बाथरूमला नेलं, पाहुणे यायचे म्हणून उगीच धोका नको. त्यामुळे त्यांना काही कळलं नाही.

रविवारी लेक आली, दारातच थबकली. "बाबा, किती स्वच्छ ठेवलंय हो घर!" जावयांनीही मान डोलावली. साहेबांची छाती फुगली. चहा झाला. लेक आईचा हात हातात घेऊन बसली होती. तेवढ्यात आई उठली. लेकीने बापाकडे बघितलं. साहेबांनी खुणेने सांगितलं, बघ आता, जाऊ दे एकटीला.

तिने वेणी चाचपली. तळवा भिंतीला टेकवला. एक पाऊल टाकलं आणि थांबली. तळवा थोडा वर नेला, थोडा खाली नेला, पुन्हा वर. दुसरा हातही लावला. मग वळून उलट्या बाजूला गेली, पलंगाच्या पायाला अडखळली, पुन्हा भिंतीशी आली. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मग ती भिंतीपासून सुटली, खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि तिथंच, उभ्या उभ्या, तिला झाली. जावई उठून बाहेर गेले. भला माणूस.

"आजच झालं गं हे," साहेब म्हणाले. "तुझ्या गळ्याची शपथ. कालपर्यंत जात होती. वहिनींना विचार."

"बाबा, सगळेच असं म्हणतात," लेक म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना. "मला काय हौस आहे का तिला ठेवायची?"

साहेबांच्या हातात फडकं आलेलं होतं. खाली बसून ते कडेकडून मधे पुसत येत होते, जसं रोज पुसायचे तसंच.

लेक मागे राहिली, संस्थेत जागा मिळेपर्यंत. साहेब दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पहिला उंदीर पेटीतून काढला, साहेबांनी लेंड्या उचलल्या, कोरडं फडकं फिरवलं आणि मान वाकडी करून तिरक्या उजेडात रेघ बघितली. बोटभर उंचीला, भिंतीच्या कडेकडेने, कोपऱ्याला वळसा घालून पुढे गेलेली. बघतच राहिले. फवारणीची बाटली हातातून पडली.

"काका? बरं नाही का?" घाईवाली पोर धावत आली.

"मी तिची वाट पुसली," साहेब म्हणाले. "अगं, मी माझ्या हाताने पुसली. राहू द्या म्हणत होती ती मला. दोनदा म्हणाली!"

पोरीला काही उमगलं नाही, पण तिने त्यांना रिक्षात बसवून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या नवऱ्याने ती भिंत तशीच ठेवली असती, आळसाने म्हणा, दुर्लक्षाने म्हणा. आणि त्याची बायको घरात राहिली असती.

घरी येताच त्यांनी तेलाची बाटली काढली. तळवे माखले, बायकोच्या खांद्याची उंची बघितली आणि पलंगापासून भिंतीला तेल फासत निघाले. लेक स्वयंपाकघरातून आली ती दारातच गोठली. साक्षात आपला बाप, ज्याने आयुष्यात भिंतीला बोट लावू दिलं नाही, दोन्ही हातांनी तेल चोपडतोय.

"बाबा! काय करताय? तुम्हीपण आता..."

साहेबांनी सांगितलं. पेटी, उंदीर, रेघ, पट्टा, सगळं. धड सांगता आलं नाही, एकातून एक निघत गेलं. लेकीने शेवटपर्यंत ऐकलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा, आई काय उंदीर आहे का?" ती हळूच म्हणाली. "तिचं आजारपण वाढलंय, एवढंच. स्वतःला नका लावून घेऊ."

तिला वाटलं, आपण बापाची समजूत घालतोय. तिच्यासारखी शहाणी मुलगी दुसरं काय म्हणणार होती?

तरी साहेबांनी बायकोला उठवून भिंतीशी आणलं. तिचा उजवा हात घेऊन तेलावर टेकवला. "जा," म्हणाले, "जा गं, ही बघ तुझी." तिने तळवा उचलून नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि गाऊनला पुसला. "चिकट आहे," म्हणाली. त्यांनी दुसऱ्या दिवशी काजळी मिसळून बघितली. तिसऱ्या दिवशी तिचाच हात धरून, तिची वेणी चाचपून, तिला भिंतीच्या कडेने फेऱ्या घालायला लावल्या. ती दमली आणि रडायला लागली. वर्षांच्या वर्षं जमलेलं ते तीन दिवसांत कुठून येणार? पालथ्या घड्यावर पाणी. आठवड्याच्या शेवटी गाडी आली आणि ती शांतपणे तिच्यात जाऊन बसली. साहेबांना म्हणाली, "येते हं भाऊ."

साहेब अजून कामावर जातात. पेट्या पुसतात. रेघही काढतात. न काढून कुणाचं भलं होणार आहे? घरातली भिंत मात्र तशीच आहे, चार ठिकाणी तेलाचे ओघळ, मधे काजळीचे फराटे. अशी घाणेरडी भिंत गावात दुसरी नसेल. वहिनी एकदा म्हणाल्या, "भावजी, पुसून देऊ का?" साहेब असे ओरडले, की त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

दर रविवारी ते संस्थेत जातात. संस्था वाईट नाही, उगाच नावं ठेवू नये. जेवण वेळेवर, बायका मायाळू. भिंतींना खालपासून वरपर्यंत पांढऱ्या फरशा, कुठं डाग म्हणून नाही. धरून चालायला स्टीलचा दांडा आहे, पण तिला तो गार लागतो, ती हात लावत नाही. आणि तसं तिला आता कुठं जायची गरजच ठेवलेली नाही, लहान मुलांसारखा लंगोट बांधतात. तरी ती चालते. खोलीच्या दारापासून निघते, वेणी चाचपते. वेणी कुठली, केस कापलेत बारीक. रिकामा हात मानेवरून फिरवते आणि मग भिंतीच्या फरशीवर टेकवून कडेकडेने जाते. वळणापाशी थांबते. मग परत येते.

एका रविवारी साहेब बाकावर बसून हेच बघत होते. तिच्या मागून सफाईवाली येत होती, एका हातात फवारणीची बाटली, दुसऱ्या हातात फडकं. जिथं जिथं तळव्याचा ठसा उमटला, तिथं तिथं फुसफुस करून पुसत होती. मान वाकडी करून, तिरक्या उजेडात बघून. साहेब उठून तिच्याजवळ गेले.

"बाई, एक विनंती होती. या इथं, एवढ्या उंचीला, हातभर पट्टा पुसू नका. बाकी सगळं पुसा. एवढाच ठेवा."

सफाईवालीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "काका, डाग राहिला तर बोलणी मला बसतात. आणि तक्रार करायला तुम्ही नातेवाईकच पुढे असता. माझ्या हातून असं घाण काम नाही व्हायचं."

तिच्या जागी साहेब असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं, वर चहा प्यायला पाठवलं असतं. ते परत बाकावर येऊन बसले.

बायको वळणावरून परत आली होती. ती सफाईवालीजवळ उभी राहिली आणि तिचा फिरता हात लक्ष देऊन बघायला लागली, कापड बघून शिलाई ओळखायची तशी. मग कौतुकाने म्हणाली, "छान पुसतेस गं. आमचे हेसुद्धा पुसायच्याच कामाला आहेत. त्यांचा हात फिरला की डाग म्हणून राहत नाही."

"हो का आजी?" सफाईवाली हसली. "मग आहेत कुठं ते?"

बायकोने इकडे तिकडे बघितलं. मग बाकावरच्या माणसाला विचारलं, "भाऊ, तुम्ही पाहिलंत का त्यांना?"

"कामावर असतील," साहेब म्हणाले.

तिला ते पटलं. तिने मान डोलावली आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर पुन्हा तळवा टेकवला.